बेलेमचा बुरूज आणि २८ क्रमांकाची ट्राम यांच्यापलीकडचे लिस्बन

नीरवाट (धागाकर्ती)

येत्या ऑक्टोबरात मी आणि माझी आई सहा दिवसांसाठी लिस्बनला जात आहोत. बेलेमचा बुरूज, जेरोनिमोस मठ, साओ जॉर्जचा किल्ला, नदीकाठचा भव्य चौक आणि २८ क्रमांकाची पिवळी ट्राम यांची माहिती सहलीच्या प्रत्येक पत्रकात मिळते, म्हणून ती येथे विचारत नाही. या ठिकाणांसाठी आम्ही पहिले दोन दिवस ठेवले आहेत. उरलेल्या चार दिवसांत काय पाहावे, याबद्दल तिथे राहिलेल्या किंवा सवडीने फिरलेल्या सभासदांचे मार्गदर्शन हवे आहे.

आई ६८ वर्षांची आहे, तिने तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आहे आणि तिच्या गुडघ्यांना चढ सोसत नाहीत. ती शाकाहारी आहे, मात्र केकमधले अंडे तिला चालते. "चारच जागा पाहू, पण त्या का पाहिल्या हे परत आल्यावर मला सांगता आले पाहिजे," असे तिने मला बजावले आहे.

तेजोकाठ

मी सहा वर्षांपासून लिस्बनमध्ये नोकरीनिमित्त राहतो. इतिहासाच्या शिक्षिकेला मी सर्वप्रथम एक तारीख सांगेन : १ नोव्हेंबर १७५५. सर्वसंतांच्या सणाची ती सकाळ होती, चर्चे माणसांनी भरलेली होती आणि वेदींवर मेणबत्त्या जळत होत्या. भूकंप झाला, त्यामागून समुद्राच्या लाटा नदीतून शहरात शिरल्या आणि आग पुढे कित्येक दिवस धुमसत राहिली. मधल्या सखल भागातले, ज्याला बायशा म्हणतात तेथले, काटकोनात आखलेले रस्ते आज सगळेजण 'जुने लिस्बन' म्हणून पाहतात, परंतु ते त्या विनाशानंतर राजाचा मंत्री असलेल्या पोंबालच्या मार्क्विसच्या अधिकारात नव्याने वसवलेले शहर आहे. त्याआधीचे लिस्बन कसे होते, हे आधी पाहिले नाही तर पुढचे काही नीट उमगत नाही.

त्यासाठी अझुलेजोंच्या, म्हणजे रंगीत चकाकीच्या फरशांच्या, राष्ट्रीय संग्रहालयात जावे. १५०९ मध्ये राणी लिओनोरने स्थापन केलेल्या माद्रे दे देउस या मठाच्या इमारतीत ते आहे. तेथे सन १७००च्या सुमाराचा, सुमारे २३ मीटर लांबीचा निळ्या-पांढऱ्या फरशांचा एक पट आहे आणि त्यावर भूकंपापूर्वीचा संपूर्ण नदीकाठ राजवाडा, चर्चे, गलबते आणि घरांसह रेखाटलेला आहे. मी तो चार वेळा पाहिला आहे. हे चित्र काढले गेले तेव्हा पुढे काय होणार आहे याची कोणालाच कल्पना नव्हती, या विचाराने प्रत्येक वेळी मन कातर होते. निघण्यापूर्वी संग्रहालय चालू असल्याची खात्री मात्र करून घ्या.

दुसरी जागा साओ दोमिंगोस चर्च. रोसियो चौकापासून दोन मिनिटांवर असल्यामुळे तेथे चढ नाही. भूकंपानंतर पुन्हा उभारलेल्या या चर्चला १९५९ मध्ये भीषण आग लागली. १९९४ मध्ये ते पुन्हा उघडले तेव्हा जळून तडकलेले, कोपरे झडलेले खांब झाकले गेले नाहीत, ते आजही तसेच दिसतात. बाहेरच्या चौकात १५०६ सालच्या एप्रिलमधील हत्याकांडाचे स्मारक आहे. सक्तीने बाप्तिस्मा दिलेल्या ज्यूंना, ज्यांना 'नवे ख्रिस्ती' म्हणत, जमावाने वेचून मारले आणि त्याची सुरुवात याच चर्चच्या मठापासून झाली.

गिरगावकर

मुंबईच्या माणसाने लिस्बनमध्ये एका कबरीसमोर दोन मिनिटे उभे राहावे, असे मला मनापासून वाटते. साओ विसेंते दे फोरा या मठात ब्रागांझा राजघराण्याची दफनभूमी आहे आणि तेथे पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिची शवपेटी आहे. १६६१च्या विवाहकरारात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मुंबई मिळाली ती हिच्या लग्नात. १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. वैधव्यात ही राणी लिस्बनला परतली आणि १७०५ मध्ये तेथेच वारली. मी गेलो तेव्हा त्या दालनात दुसरे कोणीही नव्हते. मी जेथे जन्मलो आणि वाढलो त्या बेटाचा व्यवहार जिच्या नावाने झाला तिने ते बेट कधी पाहिलेसुद्धा नव्हते, हे तेथे उभे असताना फार तीव्रतेने जाणवले.

त्याच मठात ला फोंतेनच्या नीतिकथांवरील फरशांचे ३८ फलक आहेत. १६७८च्या आपल्या दुसऱ्या कथासंग्रहात ला फोंतेनने 'पिल्पाय' या भारतीय ऋषीचे ऋण मानले आहे आणि पिल्पायच्या नावावर चालणाऱ्या त्या गोष्टींचे मूळ आपल्या पंचतंत्रात आहे. शाळेत या गोष्टी शिकवलेल्या शिक्षिकेला याहून चांगले दालन सापडणार नाही.

केवडा

साओ विसेंतेच्या मागच्याच मैदानात मंगळवारी आणि शनिवारी 'फैरा दा लाद्रा' हा जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी पाहता येतील.

शिल्पन

तेजोकाठ यांच्या प्रतिसादाला पुढे नेतो. मी स्थापत्य अभियंता आहे आणि किल्लारीच्या १९९३च्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामावर होतो. त्या वेळी माती आणि दगडांच्या जाड भिंती माणसांवर कोसळलेल्या आम्ही पाहिल्या, पण त्याच गावांत खणांच्या काही घरांचा लाकडी सांगाडा मात्र उभा राहिलेला दिसला. त्यामुळे लिस्बनच्या बायशा भागातील घरांच्या भिंतींत लाकडाचा पिंजरा आहे, हे वाचले तेव्हापासून ते पाहण्याची इच्छा होती.

या पद्धतीचे पोर्तुगीज नावच 'गायोला', म्हणजे पिंजरा, असे आहे. उभ्या आणि आडव्या तुळयांच्या चौकटीत फुलीच्या आकाराचे तिरके दांडे बसवायचे, मधल्या पोकळ्या दगड-चुन्याने भरायच्या आणि वरून गिलावा करायचा. भिंतीचे दगड ढासळले तरी सांगाडा मजले धरून ठेवतो. याखेरीज आग एका घरातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून दोन घरांमधल्या भिंती छपराच्याही वर नेलेल्या आहेत. मानुएल दा माया, एउजेनियो दोस सान्तोस आणि कार्लोस मार्देल ही या कामामागची प्रमुख नावे आहेत.

हे प्रत्यक्ष समजून घेण्यासाठी दोस कोरेइरोस रस्त्यावर एका बँकेच्या इमारतीखालचे उत्खनन पाहावे. आगाऊ नोंदणी केल्यास मार्गदर्शक खाली घेऊन जातो. खाली रोमन काळातील मासे खारवण्याच्या दगडी टाक्या आहेत आणि त्यांच्यालगत पोंबालच्या काळात पायासाठी ठोकलेल्या पाइनच्या खुंट्या दिसतात. नदीजवळच्या भुसभुशीत जमिनीत या खुंट्या भूजलात बुडालेल्या असतात आणि पाण्यात बुडालेल्या लाकडाला हवा मिळत नसल्याने ते कुजत नाही. वरची सगळी दुकाने आणि उपाहारगृहे या लाकडावर उभी आहेत.

माझी दुसरी शिफारस आग्वास लिव्रेस जलवाहिनीची आहे. तिचे काम १७३१ मध्ये पाचव्या जॉनच्या कारकिर्दीत सुरू झाले आणि १७४८ पासून शहराला पाणी मिळू लागले. आल्कान्तारा दरीवरून ती ३५ कमानींवर ९४१ मीटर जाते आणि तिची सर्वांत उंच कमान सुमारे ६५ मीटर आहे. सात वर्षांनी झालेल्या भूकंपात ती टिकून राहिली. मधल्या सर्वांत उंच कमानी टोकदार, गॉथिक घाटाच्या आहेत. पाण्याच्या संग्रहालयाच्या व्यवस्थेतून या कमानींवरून चालता येते. वाट सपाट आहे, पण उंचीची भीती असलेल्यांनी जाऊ नये. जलवाहिनीच्या शहराकडच्या टोकाला, आमोरैरास भागात, मांय द'आग्वा म्हणजे 'पाण्याची आई' या नावाचा जलाशय आहे. एखाद्या चर्चसारख्या त्या दालनात खोल, निश्चल पाणी आणि त्यातून वर आलेले खांब पाहताना मी बराच वेळ स्तब्ध उभा होतो. मानुएल दा माया आणि मार्देल या दोघांनी जलवाहिनीवरही काम केले होते, म्हणून या दोन्ही जागा एकाच दिवशी पाहाव्यात.

दप्तरदार

शिल्पन, आपण मानुएल दा मायाचे नाव घेतलेत याचा आनंद झाला. तो तोर्रे दो तोंबो या राजदप्तराचाही प्रमुख होता. भूकंपात किल्ल्यातील दप्तराचा बुरूज कोसळला तेव्हा वयोवृद्ध मायाने ढिगाऱ्यातून कागद बाहेर काढून ते सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था केली. आज वसई, चौल आणि गोव्याच्या इतिहासाचा अभ्यासक लिस्बनला जातो, तो त्याने वाचवलेल्या कागदांमुळेही. 'मोन्सून बुके', म्हणजे दर पावसाळी मोसमाच्या जहाजांनी गोवा आणि लिस्बन यांच्यात होणारा पत्रव्यवहार, काही गोव्याच्या दप्तरखान्यात आणि काही तोर्रे दो तोंबोमध्ये आहे. गोव्याचे पांडुरंग पिसुर्लेकर यांनी आयुष्यभर ज्या प्रकारच्या साधनांवर काम करून पोर्तुगीज-मराठे संबंध उलगडले, त्यांचे अर्धे अंग असे समुद्रापलीकडे आहे. दप्तराची विद्यापीठ परिसरातील सध्याची इमारत १९९० पासूनची आहे आणि भुयारी रेल्वेने तेथे सहज पोहोचता येते.

पेडणेवासी

माझी सूचना फ्रोन्तैरा राजवाड्याची आहे. तो शहराच्या वायव्येला मोन्सांतोच्या वनाजवळ आहे आणि तेथे पर्यटकांच्या रांगा नसतात. सतराव्या शतकातील या वाड्याच्या बागेत मोठ्या तलावाभोवती निळ्या फरशांवर घोडेस्वार चितारलेले आहेत, तर आत स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धातील लढायांचे दालन आहे.

हा वाडा ज्या घराण्याचा त्याचा पूर्ण किताब 'फ्रोन्तैरा आणि आलोर्ना' असा झाला. आलोर्ना म्हणजे आमच्या पेडणे तालुक्यातील हळर्ण. १७४६ मध्ये व्हाइसरॉय पेद्रो मिगेल द आल्मेदा याने शापोरा नदीकाठचा हळर्णचा किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांकडून जिंकला आणि त्या विजयाबद्दल त्याला आलोर्नाचा मार्क्विस हा किताब मिळाला. त्याची नात लिओनोर ही पोर्तुगालची नामवंत कवयित्री 'मार्केझा द आलोर्ना' म्हणूनच ओळखली जाते. लहानपणी आम्ही ज्या पडक्या तटावर चढत होतो, त्या गावाचे नाव युरोपातील एका कवयित्रीला चिकटलेले आहे, हे मला चाळिशीत कळले.

मालविका

वरील सर्व प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, तरीही मला एक मतभेद नोंदवायचा आहे. आपण लिस्बनला जाऊनही मुंबई, वसई आणि हळर्णच शोधत राहिलो, तर त्या शहराचा मोठा भाग आपल्या नजरेतून निसटतो. साओ दोमिंगोसच्या ज्या चौकाचे वर्णन तेजोकाठ यांनी केले, तेथे संध्याकाळी गिनी-बिसाऊचे लोक गप्पा मारत उभे असतात. त्याच चर्चमध्ये शतकांपूर्वी कृष्णवर्णीयांचा रोझरी मातेचा संघ होता. साओ बेंतोकडे जाणाऱ्या एका रस्त्याचे नाव 'पोसो दोस नेग्रोस' आहे. १५१५ मध्ये राजा मानुएलने मृत गुलामांची प्रेते टाकण्यासाठी खड्डा खणण्याची आज्ञा केली, त्यावरून हे नाव आले. आज तेथे सुंदर कॉफीगृहे आहेत आणि बहुतेक पाहुणे नावाचा अर्थ न विचारता निघून जातात. आपल्याशी काहीही संबंध नसला, तरी इतिहासाच्या शिक्षिकेला हा रस्ता दाखवायला हवा.

गिरगावकर

मालविकाताई, आपला मुद्दा मला पटतो आणि त्या रस्त्याविषयी मला माहिती नव्हती, हेही मान्य करतो. तथापि, ओळखीचा एक धागा हातात असला की परके शहर जवळ येते, हा माझा अनुभव आहे. कॅथरीनची कबर शोधत गेलो नसतो, तर साओ विसेंतेच्या गच्चीवरून शहर पाहिलेच नसते. ओळखीच्या वाटेने आत शिरावे आणि मग तेथेच थांबू नये, एवढेच मी म्हणेन.

मालविका

शेवटच्या वाक्यासाठी आभार. माझाही आग्रह तेवढाच आहे.

चौसष्टी

मोरारिया वस्तीबद्दल अजून कोणी लिहिले नाही. ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा आफोन्सो एन्रिकेस याने शहर जिंकल्यावर मुसलमान रहिवाशांना किल्ल्याच्या उतारावर येथे राहायला लावले. फादो या पोर्तुगीज गायनप्रकाराशी कायमचे जोडले गेलेले नाव मारिया सेव्हेरा, जी १८४६ मध्ये अवघ्या २६व्या वर्षी गेली, तिचे घरही याच वस्तीत होते. कॅमिला वॉटसन या छायाचित्रकर्तीने येथील वृद्ध रहिवाशांची छायाचित्रे थेट गल्लीतल्या भिंतींवर छापली आहेत. मी तेथे आठ महिने भाड्याने राहिले. माझ्या शेजारच्या आजींच्या घराचा मालक घर पर्यटकांना देण्यासाठी त्यांना बाहेर काढू पाहत होता, आणि खिडकीखालून दिवसभर मार्गदर्शकांचे आवाज येत. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की तेथे जरूर जा, परंतु दोघीच जा, हळू बोला, दारात बसलेल्या माणसाचे छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नका आणि वस्तीतल्याच लहान दुकानात काहीतरी विकत घ्या.

नीरवाट (धागाकर्ती)

इतके सविस्तर प्रतिसाद वाचून आईने वहीत टिपणे काढायला सुरुवात केली आहे. तिचे तीन प्रश्न आहेत. शाकाहारी जेवण कोठे मिळेल? चढ टाळून कसे फिरावे? आणि गोवा मुक्तिसंग्रामातील लोकांना ठेवलेले तुरुंग पाहता येतात का?

तेजोकाठ

जेवणासाठी लुमियार भागातील राधाकृष्ण मंदिराची खानावळ आहे. तेथील हिंदू समाज बहुतांशी गुजराती आहे. मूळचे दीवकडचे हे लोक मोझांबिकला गेले आणि तो देश १९७५ मध्ये स्वतंत्र झाल्यावर त्यांच्यापैकी पुष्कळजण लिस्बनला आले. मंदिर ज्या रस्त्यावर आहे त्यालाही महात्मा गांधींचे नाव आहे. एरवी कोणत्याही साध्या उपाहारगृहात भाज्यांचे सूप मिळते. 'काल्दो व्हेर्द' मागवताना त्यात सॉसेजची चकती घालू नका, असे आधी सांगावे आणि ते मांसाच्या पाण्यात शिजवलेले नाही ना, तेही विचारावे. काचेच्या कपाटात 'शामुसा' दिसतील. ते आपले सामोसे आहेत, मात्र बहुतेकांत मांस असते.

चढ टाळण्यासाठी एक दिवस पार्के दास नासोंइश भागाला द्यावा. १९९८च्या जागतिक प्रदर्शनासाठी विकसित केलेला तो नदीकाठ पूर्ण सपाट आहे. तेथे गार्सिया द ओर्ताच्या नावाची बाग आहे. हा वैद्य नव्या ख्रिस्त्यांपैकी होता, १५३४ मध्ये गोव्याला गेला आणि मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. आपल्याकडील औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्याच्या मृत्यूनंतर इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. साओ दोमिंगोसच्या चौकातील स्मारक आणि ही बाग आईंनी एकत्र आठवावी.

भुयारी रेल्वेही पाहण्यासारखी आहे. १९५९ मध्ये ती सुरू झाली तेव्हा पैसे कमी होते. चित्रकार मारिया केइल हिने फरशांच्या साध्या आकृतिबंधांनी अनेक स्थानके सजवली. ओलायास स्थानक मात्र नंतरचे आणि रंगांनी भरलेले आहे.

सांगलीकर

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. सांगलीत जन्मलेले मनोहर आपटे, म्हणजेच मोहन रानडे, १९५५ मध्ये गोव्यात जखमी अवस्थेत पकडले गेले. पुढे त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियास किल्ल्यातील तुरुंगात ठेवले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी मोठी खटपट केली आणि जानेवारी १९६९ मध्ये ते बाहेर आले. काशियास आत जाऊन पाहता येत नाही. काइस दो सोद्रेहून काश्काइशला जाणारी रेल्वे त्याच नावाच्या स्थानकावरून जाते. एका बाजूला नदी समुद्राला मिळताना दिसते. मी त्या स्थानकावर उतरलो, अर्धा तास बाकावर बसलो आणि पुढची गाडी पकडली.

आत जाऊन पाहता येईल असा तुरुंग म्हणजे आल्जूब. मुख्य चर्चजवळच्या या इमारतीत हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत राजकीय कैदी ठेवत असत. २०१५ पासून तेथे प्रतिकाराचे संग्रहालय आहे. वेळ असल्यास बसने पेनिशला जावे. गोव्याचे त्रिस्ताव ब्रागांझा कुन्य यांना १९४६ मध्ये आठ वर्षांची शिक्षा होऊन तेथील किल्ल्यात ठेवले होते. तोही २०२४ पासून संग्रहालय आहे.

नीरवाट (धागाकर्ती)

आम्ही गेल्या आठवड्यात परतलो. धागा सुरू केल्याने वृत्तान्त देणे माझे कर्तव्य आहे.

जलवाहिनीच्या कमानींवर मी एकटी गेले, आई जलाशयापाशी बसून राहिली आणि तेथून उठायला तयार नव्हती. फ्रोन्तैरा वाडा वेळेअभावी राहिला, पेडणेवासी यांनी क्षमा करावी. पेनिशही जमले नाही. पोसो दोस नेग्रोस रस्त्यावर आम्ही मालविकाताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचला. आल्जूबमधील कोठड्या इतक्या अरुंद आहेत, की आईने मोहन रानड्यांविषयी विचारलेल्या प्रश्नांना मला उत्तर देता येईना. दुसऱ्या दिवशी आम्ही काशियासच्या स्थानकावर उतरलो.

एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती, ती आईने शोधली. काम्पो दि ओरिकच्या मंडईत ती पाट्या वाचत फिरत होती आणि मला हाका मारून दाखवत होती. बटाटा, अननस, काजू आणि पाव ही नावे जवळपास तशीच होती. कोबीला 'कोव्ह', चावीला 'शाव्ह' आणि लिलावाला 'लैलांव'. काल्दो व्हेर्दच्या वाडग्यात बटाटा आणि कोबी हे दोन्ही शब्द एकत्र शिजलेले आहेत, असे ती म्हणाली, आणि त्या भाजीवालीला तिने मराठीतूनच 'बटाटा' म्हणून दाखवले. बाईने लगेच किलोभर तोलून दिले.

शिल्पन

ताई, मग त्या किलोभर बटाट्यांचे काय केलेत?

नीरवाट (धागाकर्ती)

आम्ही भाड्याच्या घरात राहत होतो. आईने त्याच संध्याकाळी जिरे आणि हिरवी मिरची घालून भाजी केली आणि शेजारच्या बाईंना वाटीभर नेऊन दिली.